ओव्याचा गुण

येसूने तव्यावर मूठभर ओवा टाकला आणि तो तडतडायच्या आत मागीलदाराकडे कान लावला. आगरातून, रहाटाच्या पलीकडून, नवऱ्याचा एक ढेकर आला. लांबलचक, घशातल्या घशात अडखळलेला. त्यानंतर बराच वेळ नुसती समुद्राची गाज. तिने उलथन्याने ओवा हलवला, पुन्हा कान दिला. दुसरा ढेकर आला नाही तेव्हा तिला बरं वाटलं.

“बसतायत गो काकी,” ती चुलीपाशी टेकलेल्या गोदाकाकीला म्हणाली. “आदी सकाळधरनं नुसता चालू असायचा. आता एकादा दुसरा.”

गोदाकाकीने मिश्रीचं बोट दातांवरून काढलं. “मी काय सांगितला होता? मुंबयचा पाणी त्या. पोटात वारा धरलान त्याच्या. आज आमसुलाचा सार कर नि वर ह्यो ओवा दे. शिमग्यापर्यंत पोट कसा गप बसतंय बघ.”

गोदाकाकी शेजारी राहायची म्हणजे घरचाच दवाखाना होता. पोरांच्या खोकल्यापासून गाईच्या पोटफुगीपर्यंत सगळं तिच्या हाताखालून जायचं. तिच्या हाताला गुण आहे असं अख्ख्या वाडीचं मत होतं, आणि ते मत घडवण्यात तिचा स्वतःचा वाटा मोठा होता.

येसूने भाजलेला ओवा पाट्यावर घेतला आणि वाटायला बसली. आत्मारामला यातलं काही ठाऊक नव्हतं. मुंबईच्या इस्पितळात इतक्या गोळ्या आणि इतक्या सुया झाल्या होत्या की औषधाचं नाव काढलं तरी तो हात झटकून उठून जायचा. तेव्हा हा ओवा चोरून चालला होता. आमटीत, भाकरीच्या पिठात, कधी कधी चहातसुद्धा. दुसऱ्या कुठल्या नवऱ्याने चहातला ओवा पहिल्या घोटाला पकडला असता. पण घशाच्या ऑपरेशनमध्ये आत्मारामची आवाजाची पेटीच काढून टाकली होती, आणि श्वास नाकाऐवजी गळ्याखालच्या भोकातून यायला-जायला लागला होता. नाकातून वाराच जात नाही तर वास कुठून कळणार? आल्या आल्या एकदा त्याच्या बाजूला भाकरी जळून कोळसा झाली, घरभर धूर झाला, तरी तो चुलीकडे पाठ करून स्वस्थ बसला होता. त्या दिवशी येसूला रडू आलं होतं. आता तेच तिच्या पथ्यावर पडलं होतं.

ओट्यावर करवंटी वाजली. टक, टक. ही त्याची हाक; लिहून दाखवावं तर येसूला वाचता येत नव्हतं. येसूने हात पुसले आणि पान वाढायला घेतलं.

आत्माराम जेवायला बसला. लाँचीवर उभा राहिलेला माणूस तो, बसतानाही पाय थोडे फाकून बसायचा. गळ्याखाली तिने शिवलेलं पांढरं लाळेरं बांधलेलं होतं. जुन्या लुगड्याच्या मऊ पदराची तिने अशी कितीतरी लाळेरी शिवून ठेवली होती, त्या भोकात धूळ, माशी काही जाऊ नये म्हणून. त्याने सार भुरकलं, भाकरी मोडली, आणि खाली बघत जेवत राहिला.

“सार आवडला?” येसूने विचारलं.

त्याने मान हलवली. आवडलं असं नाही, नावडलं असंही नाही. जेवण झाल्यावर त्याने हात धुतला, पडवीतल्या घोंगडीवर आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

हे भिंतीकडे तोंड करणं तिला खुपत होतं. ढेकर बसले, पोट सुधारलं, अंगावर थोडं मांससुद्धा चढलं होतं. मग हा माणूस असा का मिटत चाललाय? मुंबईहून आला तेव्हा असा नव्हता. तेव्हा सकाळी उठून आगरात जायचा, पोफळींना हात लावून बघायचा, रहाटावर बसून समुद्राकडे बघायचा. ढेकर देत असायचा ते सोडलं तर चांगला उत्साही होता. तिच्याकडे बघून मधूनच हसायचाही, काहीतरी पोटात ठेवल्यासारखा. आता पंधरवडाभर ते हसू गेलं होतं.

आणि गेल्या आठवड्यात तर कहर झाला. मुंबईला तपासणीला जायचं होतं. पुतण्या सदू, ज्याने तिथे इस्पितळात त्याचं सगळं केलं होतं, त्याने निरोप पाठवला होता. येसूने पिशवी भरली, वाटेत लागतील म्हणून धुतलेली लाळेरी घातली, भाकऱ्या बांधल्या. एस.टी.ची वेळ झाली तेव्हा आत्मारामने अंगातला सदरा काढला, खुंटीला लावला आणि झोपून गेला. तिने समजावलं, रागावली, शेवटी हात जोडले. धाकूभावजी आले, तेही ओरडून गेले. धाकूभावजी ओरडायचे ते रागाने नव्हे. माणूस बोलत नाही म्हणजे त्याला ऐकूही येत नसणार, अशी सगळ्या वाडीची समजूत झाली होती, आणि सख्खा भाऊही तिला अपवाद नव्हता. “दादा, जायाला पायजे!” असं ते त्याच्या कानात एवढ्या मोठ्याने म्हणाले की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. दादा उठला नाही.

येसूला त्या दिवशी देवाचा खरोखर राग आला. अठ्ठावीस वर्षं हा माणूस मुंबई बंदरात लाँच हाकणारा सारंग होता. वर्षातून गणपतीला यायचा आणि शिमग्याला यायचा. आला की घर माणसांनी भरलेलं, सासू ओटीवर बसलेली. नवरा-बायकोने चारचौघांत बोलायची रीतच नव्हती. “अगो” म्हणायचा, नाहीतर “राहीची आई”. काय हवं ते सांगायचा, आणि सुट्टी संपली की निघून जायचा. त्याचा आवाज मात्र मोठा, इंजिनाच्या धडधडीवरून पलीकडच्या बोटीला ऐकू जाणारा. तो घरी आला की तिला आगराच्या टोकाला कळायचं. पेन्शनीत आला की बसून बोलू, असं तिने मनाशी ठरवलेलं होतं. लेक राही सासरी गेली, सासूबाईही गेल्या, घर रिकामं झालं, आता बोलायला कोणाची आडकाठी नव्हती. आणि माणूस आला तो आवाज मुंबईला ठेवून.

पाहुणा आला तो मंगळवार होता, चिपळूणच्या सकाळच्या गाडीने. येसू अंगणात सुपारी पसरत होती. कुंपणाचं बेडं ढकलून एक उंच, किडकिडीत माणूस आत आला. पायजमा, कोट आणि एवढ्या उकाड्यात गळ्याला मफलर. तो थोडा थांबला, आणि त्याने तिच्याकडे बघून सरळ ढेकर दिला.

ह्याला पण, असं तिच्या मनात आलं. ओवा थोडा शिल्लक आहे.

“वैनी,” कोणीतरी म्हणालं.

येसूने त्याच्या मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं. वाटेवर धाकूभावजींची कोंबडी तेवढी होती.

“मी... काशीराम,” तो माणूस म्हणाला. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज येत होता तो कुठूनतरी खालून, खरखरीत, विहिरीत बादली घासल्यासारखा. “पोफळी गावचा. पावरहौसातला. आत्मारामच्या... बाजूची खाट.”

तिच्या हातातली सुपारी खाली पडली. त्याने मफलर जरा बाजूला केला. आत तसंच लाळेरं होतं, तिच्यापेक्षा बारीक टाक्यांनी शिवलेलं.

“तुमी बोलताव,” येसू म्हणाली.

“बोलतो... थोडं.”

आत्माराम खाली किनाऱ्याला गेला होता. येसूने पाहुण्याला ओटीवर बसवलं, पंख्याने वारा घातला, आत जाऊन कोकमाचं सरबत घेऊन आली. काशीरामने पेला हातात घेतला, रंग बघितला आणि हळूच खाली ठेवला.

“कोकम नको. ढेकर... बसतो.”

“बसला तर चांगलाच की,” येसू म्हणाली.

काशीरामचे खांदे हलले. तो हसत होता, पण हसण्याला आवाज नव्हता.

“वैनी, ढेकर बसला... की मी बसलो.”

मग त्याने तिला सगळं सांगितलं. एका वेळी दोन-तीन शब्द, मध्ये थांबून, मान थोडी पुढे काढून वारा गिळत. आवाजाची पेटी गेली म्हणजे छातीतला वारा तोंडात येतच नाही. मग वारा वरूनच गिळायचा, ढेकरासारखा परत काढायचा, आणि तो ढेकर निघता निघता त्याच्यावर शब्द ठेवायचा. इस्पितळात त्याचा वर्ग असतो. शिकवणारे मास्तरही त्यांच्यातलेच, आधी चिरले गेलेले. कोणाला महिना लागतो, कोणाला वर्ष. कोणाला जन्मात जमत नाही.

“आत्माराम... वर्गात पहिला,” काशीराम म्हणाला. “घरी जाताना... पाच-सहा शब्द होते. सराव केलान ना... रोज?”

रहाटाच्या पलीकडून रोज सकाळी येणारे ते ढेकर येसूला ऐकू यायला लागले. लांबलचक, अडखळलेले. एकामागून एक. ती चुलीशी बसून मोजायची आणि गोदाकाकीला सांगायची.

“माला त्यानी कायच सांगितला नाय,” ती म्हणाली.

“कोणालाच नाही. सदूलाही दम दिलान. म्हणाला... म्हणजे लिहून दाखवलान... नाव नीट आलं की मगच.”

“कोणाचा नाव?”

काशीराम जरा ओशाळला. त्याने सरबताचा पेला उगाच एका बाजूचा दुसऱ्या बाजूला ठेवला.

“तुमचं. मास्तर सांगायचे, सोपं घे. काका म्हण. टोपी. पाटी. ‘येसू’ कठीण. त्या नावाला... टेकायला जागा नाही. वारा सरकून जातो. हा ऐकेना. रोज... तेच.”

येसू भिंतीला धरून हळूच खाली बसली. जन्मात ज्याने कधी नावाने हाक मारली नाही, तो आवाज गेल्यावर नाव घ्यायला बसला होता, आणि ते नाव तिने स्वतःच्या हाताने भाजून, वाटून, रोज त्याच्या भाकरीत घालून मारलं होतं.

“भावजी,” तिने विचारलं, “ओव्यानं काय व्हतं हो?”

“ओवा?” काशीरामने दोन्ही हात वर केले. “आमच्या हिला सांगितलंय... ओव्याची पुडी घरात आणशील तर... मी घराबाहेर.”

तेवढ्यात बेडं वाजलं. आत्माराम आला. काशीरामला बघून तो क्षणभर ओळख न पटल्यासारखा उभा राहिला, आणि मग धावत येऊन त्याने त्याला मिठी मारली. दोन म्हातारे, दोघांच्या गळ्यात लाळेरी, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते आणि कोणाचाच आवाज नव्हता. येसू दाराच्या चौकटीशी उभी राहून बघत होती.

“तपासणीला... आला नाहीस,” काशीराम म्हणाला. “मास्तरांनी विचारलं. बोल. बघू... कुठवर आलाय.”

आत्मारामने येसूकडे पाहिलं. ती तिथे असताना त्याला ते नको होतं, हे तिला कळलं. पण ती चौकटीशीच थांबली. त्याने डोळे मिटले, मान पुढे काढली, वारा गिळला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, चेहरा लाल झाला. ओठ हलले. काही आलं नाही. त्याने पुन्हा केलं. पुन्हा काही नाही, गळ्याखालच्या भोकातून तेवढी शिट्टीसारखी हवा सुटली. मग त्याने हात झटकला, जसा औषधाला झटकायचा, आणि तो मागीलदाराने आगरात निघून गेला.

काशीरामला दुपारच्या गाडीने परत जायचं होतं. त्याला जेवण वाढताना येसूने आमटी वाढली नाही, भात-मासळीवरच भागवलं. निघताना तो बेड्यापाशी थांबला.

“घेऊन या वैनी त्याला. शिमग्यानंतर पुन्हा वर्ग आहे. मन बसलं... की आवाज बसलाच. मग कोणी उठवू शकत नाही.”

तो गेल्यावर येसू स्वयंपाकघरात आली, फडताळातून ओव्याचा डबा काढला आणि आगरात गेली. आत्माराम रहाटाच्या कट्ट्यावर बसला होता. तिने डबा उघडून त्याच्या हातात दिला.

“ह्या काय हाय, ओळखलाव?”

त्याने सवयीने डबा नाकाशी नेला. मग स्वतःच्याच सवयीचा राग येऊन खाली घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवली. तोंड वाकडं केलं. बोटांनी विचारलं, का?

“ह्या तुमच्या जेवणात होता,” येसू म्हणाली. “रोज. तुमी आलाव त्या आठवड्यापासून. भाकरीत, आमटीत, च्यात. वर आमसुलाचा सार. माला वाटला, पोट बिघडलाय तुमचा. ढेकर बसावेत म्हणून... मी रोज मोजत होती. कमी झाले की माला बरा वाटायचा.”

आत्माराम तिच्याकडे बघत राहिला. पुढचं ती खाली बघून बोलली.

“माला काय ठावूक तुमी बोलायला शिकताव ते.”

तो उठला. त्याने तो डबा असा भिरकावला की गडग्याच्या जांभ्या दगडावर आपटून तो वाजत पलीकडे गेला आणि ओवा सगळीकडे उडाला. येसूने पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत त्याने तिच्यासमोर कधी काही फेकलं नव्हतं. तो पाठमोरा उभा राहिला, दोन्ही हात पोफळीला टेकून. थोड्या वेळाने त्याचे खांदे हलायला लागले. आधी हळू, मग जोराने. हा रडतोय, असं वाटून ती पुढे गेली, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढे वाकून बघितलं तर तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंड उघडं होतं आणि आवाज कसलाच नव्हता. त्याने तिच्याकडे बोट दाखवलं, मग वाटण वाटल्यासारखा हात फिरवून दाखवला, पुन्हा हसला. तिलाही हसू आवरेना. धाकूभावजींच्या कोंबड्या तोवर गडग्यावरून येऊन ओवा टिपायला लागल्या होत्या.

“आता त्यांचे पण ढेकर बसतील,” येसू म्हणाली, आणि तो पुन्हा पोफळीला टेकला.

हसून झाल्यावर दोघं कट्ट्यावर बसली. सूर्य माडांच्या मागे उतरला होता. येसूने त्याचं लाळेरं सरळ केलं.

“माजा नाव कठीण हाय म्हणे. मग टोपी म्हणा ना. पाटी म्हणा. मी ओ देईन.”

त्याने नकारार्थी मान हलवली. टोपीला हाक मारायला तो काही मुंबईहून आला नव्हता, असा त्याचा चेहरा होता.

दुसऱ्या दिवसापासून येसूच्या चुलीचं राज्य उलटं झालं. वालाची उसळ झाली, मुळ्याची कोशिंबीर झाली, चवळी झाली, पुन्हा वाल झाले. गुहागरच्या नाक्यावरून गोटी सोड्याच्या बाटल्या आल्या. गोदाकाकी आली तेव्हा आत्माराम अंगठ्याने गोटी आत ढकलत होता. तिने येसूला बाजूला घेतलं.

“वाल? त्या ढेकराच्या माणसाला? आणि सोडा? तुजा डोकं ठिकाणावर हाय काय गो?”

येसूने सगळं समजावून सांगितलं. गोदाकाकीने ते ऐकून घेतलं, बराच वेळ मिश्री घासली आणि निघून गेली. दोन दिवस ती फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या परसातल्या मुळ्यांची जुडी आणून ओट्यावर टाकली. त्या संध्याकाळपर्यंत वाडीत सगळ्यांना कळलं होतं की आत्मारामच्या घशावर गोदाकाकीचा मुळा चालू आहे.

ढेकर परत आले. आधी एखाद-दुसरा, मग भरभरून. येसू चुलीशी बसून पूर्वीसारखीच कान देऊन ऐकायची, आणि ज्या दिवशी सकाळी जास्त आले त्या दिवशी तिला स्वयंपाक करताना गुणगुणावंसं वाटायचं. मग एक दिवस ढेकरावर शब्द आला. काका. धाकूभावजी तो ऐकायला आले. “काका,” आत्माराम म्हणाला, आणि धाकूभावजी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, “आला! आवाज आला!” आत्मारामने दोन्ही हात कानांवर ठेवले. तेव्हा कुठे त्या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला की भावाला ऐकू येतं.

टोपी आली. पाटी आली. वर्गाला जायचं त्याने आपणहून मान्य केलं, सदूला निरोप धाडला. लोक येऊन त्याचं कौतुक करून जायचे आणि तो त्यांना टोपी-पाटी ऐकवायचा. पण येसूला दिसत होतं की तो खूश नाही. लोक गेले की तो रहाटापलीकडे जायचा आणि ते एकच नाव घ्यायला बसायचा. ‘ए’ असं काहीतरी निघायचं, आणि बाकीचं वाऱ्याबरोबर सरकून जायचं. तिने एकदा लांबून बघितलं. तो कपाळाला हात लावून बसला होता. त्याच्याजवळ जाऊन काय सांगावं? ती आल्या पावली परत फिरली. हे नाव नसतं तर बरं झालं असतं, असं तिला प्रथमच वाटलं.

मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ती आगरात पडलेल्या सुपाऱ्या वेचत होती. पिशवी भरून ओटीवर ठेवलेली होती. सदरा खुंटीवरच होता, पण तो धुऊन, घडी मोडून लावलेला होता. आत्माराम कुठे आहे ते तिने पाहिलं नव्हतं. वाकून वाकून कंबर भरून आली होती.

“चिमा.”

येसूने डोकं वर केलं नाही. कोणीतरी कोणालातरी हाक मारत होतं. वाडीत चिमा नावाची कोण पोर आहे, असं तिच्या मनात आलं, पण तेवढ्यापुरतंच, आणि तिने आणखी एक सुपारी उचलून पाटीत टाकली.

“चिमा.”

खरखरीत, खालून आलेला, ‘च’वर नीट टेकून सुटलेला आवाज. ती हळूच सरळ झाली.

लग्नाआधी ती चिमा होती. तिला बघायला आत्माराम त्याच्या मामाबरोबर आला होता, तेव्हा आतल्या खोलीकडे बघून तिच्या बापाने हाक मारली होती, चिमा, पाणी आण. लग्नात सासूने येसू नाव ठरवलं, आणि आत्मारामने अंगठीच्या टोकाने ताटातल्या तांदळांत तेच काढलं. त्यानंतर माहेरी गेलं की आई-बाप तेवढे चिमा म्हणायचे. आई गेली. मग बाप गेला. त्याला आता पंधरा वर्षं झाली. भाऊ तिला बाय म्हणतो. ते नाव घेणारं या जगात कोणी राहिलं नव्हतं आणि ते आपलं होतं हे ती स्वतःच विसरली होती.

आत्माराम रहाटाशी उभा होता. पाय थोडे फाकून, लाँचीवर उभा राहायचा तसा, एक हात गळ्यावरच्या लाळेऱ्यावर. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते पूर्वीचं, काहीतरी पोटात ठेवलेलं हसू होतं.

येसूने पाटी खाली ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला.

“काय म्हणलाव?” ती म्हणाली. “माला नाय ऐकू आला.”

तिला स्वच्छ ऐकू आलं होतं. आत्मारामने मान पुढे काढली आणि पुन्हा वारा गिळला.